लंडी बेटाचा पफिन

गेल्या चातुर्मासांत आमचे एक स्नेही, ज्यांस पोथ्यांइतकाच नाण्यांचाही नाद आहे, आपल्या संग्रहांतील एक काशाचें नाणें घेऊन आमच्याकडे आले. जुन्या बाजारांतील एका पथारीवर इंग्लंडच्या जुन्या पेन्यांचा ढीग पडला होता, त्यांत तें त्यांस सांपडलें. आकार पेनीएवढा, रंग पेनीचा. परंतु राजाच्या मुखवट्याच्या जागीं एका अनोळखी गृहस्थाचें मस्तक, आणि मागील बाजूस ब्रिटानियेच्या जागीं खडकावर उभा असलेला एक ठेंगणा, जाड चोंचीचा पक्षी. साल १९२९. स्नेह्यांनीं आपल्या यादींत ‘इंग्लंड, पंचम जॉर्ज, प्रयोगनाणें, अतिदुर्मिळ’ अशी नोंद केली होती, व ती या त्रैमासिकांत प्रसिद्ध करावी असा त्यांचा मानस होता. आम्हीं भिंग घेऊन नाण्याच्या कडेवरील अक्षरें लावलीं, तीं ‘लंडी लाइट्स अँड लीड्स’ अशीं निघालीं. म्हणजे लंडी प्रकाश देते व वाट दाखविते. नोंद चुकीची आहे हें तेव्हांच ठरलें. परंतु बरोबर नोंद कोणती, हें सांगूं लागतांच प्रश्न वाटला तितका सोपा नाहीं असें दिसून आलें. प्रस्तुत लेख त्या चर्चेंतून निघाला आहे.

लंडी हें बेट इंग्लंडच्या नैऋत्येस, ब्रिस्टल खाडीच्या मुखाशीं, डेव्हनच्या किनाऱ्यापासून सुमारें बारा मैलांवर आहे. लांबी तीन मैल, रुंदी जेमतेम अर्धा मैल, खडक ग्रॅनाइटचा, झाडी थोडी आणि वारा फार. जुन्या नॉर्स भाषेंत ‘लुंडी’ म्हणजे पफिन नांवाचा समुद्रपक्षी, आणि ‘एय’ म्हणजे बेट. तेव्हां लंडी म्हणजे पफिनांचें बेट. १९२५ सालीं लंडन येथील कंपनीव्यवहारांत पैसा मिळविलेले मार्टिन कोल्स हारमन नांवाचे गृहस्थ यांनीं तें विकत घेतलें. विकत घेतली ती जमीन, राज्य नव्हे. परंतु हा भेद हारमनसाहेबांस मान्य नव्हता. बेटावरील रहिवाशांस सरकारास कर द्यावा लागत नसे, आणि मुख्य भूमीस जातांयेतांना जकातीची तपासणी होत असे. एवढ्या आधारावर त्यांचें म्हणणें असें कीं, लंडी ही ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखालील एक चिमुकली स्वतंत्र वसाहत असून तिचा कारभार तिच्या धन्यानें पाहावयाचा आहे. राजनिष्ठेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. राजाच्या कारकुनांबद्दल होती.

आरंभ टपालापासून झाला. हारमन यांच्याच इच्छेनें १९२७ च्या अखेरीस ब्रिटिश टपालखात्यानें बेटावरील आपली कचेरी बंद केली. पुढें पत्रें नेण्याआणण्याचें काम धन्याच्या माणसांनीं चालविलें, आणि १ नोव्हेंबर १९२९ रोजीं अर्धा पफिन व एक पफिन अशा दोन किंमतींचीं तिकिटें निघालीं. सरकारी तिकिटाशीं गल्लत होऊं नये म्हणून हीं तिकिटें पाकिटाच्या मागील बाजूस, अगर पुढील बाजूच्या डाव्या खालच्या कोपऱ्यांत लावावीं लागत. तीं तेव्हां बेटापासून किनाऱ्यापर्यंतच्या नेणावळीचीं होतीं. पुढील प्रवासास राजाचें तिकीट निराळें लागे. या व्यवस्थेस टपालखात्यानें फौजदारी केली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

त्याच वर्षीं नाणीं आलीं. बर्मिंगहॅम येथील हीटन घराण्याची खाजगी टांकसाळ प्रसिद्ध होती. परदेशी राज्यांचीं नाणीं पाडून देण्याचा तिचा जुना व्यवसाय. तिच्याकडून हारमन यांनीं पफिन व अर्धा पफिन अशीं दोन प्रकारचीं कांस्यनाणीं करवून घेतलीं; प्रत्येकीं पन्नास हजार. पफिन पेनीच्या बरोबरीचा, अर्धा पफिन अर्ध्या पेनीच्या. आकारही त्या त्या नाण्याचाच. पुढील बाजूस हारमन यांचें मस्तक. मागील बाजूस पफिनावर सबंध पक्षी, अर्ध्या पफिनावर पक्ष्याचें केवळ डोकें. अर्ध्या किंमतीस अर्धा पक्षी, हा विनोद मुद्दाम योजलेला असावा असें आम्हांस वाटतें. कडेवरील वाक्यांतही श्लेष दिसतो, कारण १८९७ सालीं बांधलेलीं दोन दीपगृहें बेटाच्या दोन टोकांस आहेत. ठसा स्वच्छ, कोरीव काम उत्तम. अशा दृष्टीनें पाहतां आपल्याकडील कित्येक संस्थानी पैशांहून हा खाजगी पैसा देखणा आहे.

येथें शाळामास्तराच्या संवयीनें थोडा हिशेब करूं. इंग्लंडच्या तेव्हांच्या पद्धतींत २४० पेन्यांचा एक पौंड. पन्नास हजार पफिन म्हणजे २०८ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. पन्नास हजार अर्धे पफिन म्हणजे १०४ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स. एकंदर ३१२ पौंड १० शिलिंग. बेटावर वस्ती मूठभर, दुकान व खानावळ नांवापुरती. त्या वस्तीच्या रोजच्या देवघेवीस लाखभर नाणीं लागतील हें संभवत नाहीं. मग तीं कोणासाठीं? उन्हाळ्यांत आगबोटींतून येणाऱ्या पाहुण्यांसाठीं. पाहुणा शिलिंग मोडतो, त्याचे बारा पफिन घेतो, दोन खर्चितो आणि दहा आठवण म्हणून खिशांत घालून परत जातो. ते दहा पफिन पुन्हा बेटावर वटवावयास येत नाहींत. शिलिंग मात्र धन्याच्या पेटींत राहतो. स्वयंघोषित राज्याची पेढी म्हणतात ती मुळांत एवढीच: खरें चलन आंत घेणारी एक खिडकी, आणि परत न येणाऱ्या वचनांची एक रास. सावकाराची हुंडी मुदत भरतां परत येते. हिचा नफाच मुळीं ती परत न येण्यांत आहे.

सरकारचें लक्ष गेल्याशिवाय राहिलें नाहीं. १८७० च्या नाणेंविषयक कायद्याचें पांचवें कलम असें कीं, सरकारी टांकसाळीखेरीज कोणीही कोणत्याही धातूचा तुकडा नाणें म्हणून, अगर पैशाच्या जागीं चालणारा बिल्ला म्हणून, पाडूं नये वा चालवूं नये. पाडल्यास वीस पौंडांपर्यंत दंड. या कलमांतील ‘बिल्ला’ हा शब्द फार महत्त्वाचा. तो कां आला हें समजण्यास अठराव्या शतकाच्या अखेरीकडे पाहिलें पाहिजे. त्या वेळीं इंग्लंडांत तांब्याच्या सरकारी नाण्यांची एवढी टंचाई झाली कीं, १७८७ सालीं अँगल्सी बेटावरील पॅरिस खाण कंपनीनें आपले तांब्याचे पेनी-बिल्ले काढले, आणि पाठोपाठ शेंकडों व्यापाऱ्यांनीं तोच मार्ग धरला. कांहीं बिल्ले वजनास चोख होते, कांहीं निव्वळ फसवणुकीचे होते. पुढें सरकारनें स्वतः पुरेसें तांबें पाडल्यावर खाजगी बिल्ल्यांस बंदी केली. म्हणजे कलमाचा रोख खोट्या नाण्यावर नसून खाजगी नाण्यावर आहे. हारमन यांनीं राजाचें नाणें खोटें पाडलें असा आरोप कोणीही केला नाहीं. त्यांनीं स्वतःचें खरें नाणें पाडलें हाच अपराध.

१९३० सालीं डेव्हनमधील बिडफर्ड येथील न्यायासनापुढें खटला उभा राहिला. हारमन यांचा मुख्य बचाव असा कीं, लंडीवर घडलेल्या गोष्टीचा न्याय करण्याचा अधिकारच या न्यायासनास पोंचत नाहीं. न्यायासनानें तो मानला नाहीं. पांच पौंड दंड व पंधरा गिनी खर्च बसविला. अपील झालें आणि १९३१ च्या आरंभीं वरिष्ठ न्यायालयाच्या किंग्ज बेंच विभागानें तें फेटाळलें. नाणीं व्यवहारांतून काढून घेण्यांत आलीं. दंडाची रक्कम पाहतां ही शिक्षा खिशास जाणवण्याजोगी नव्हती. जाणवली असेल ती दुसरीकडे. बेटाचें पद काय, हा प्रश्न ज्यांनीं मुद्दाम संदिग्ध राखला होता, त्यांनीं आपल्याच हातानें तो न्यायालयांत नेला आणि त्याचा निकाल आपल्याविरुद्ध लावून घेतला. तिकिटांपाशीं थांबते तर ही वेळ न येती. तिकीट ही सेवेची पावती आहे; नाणें हा सत्तेचा उच्चार आहे. राजा दुसऱ्यास पत्रें वाहूं देतो, आपलें मस्तक काढून दुसऱ्याचें बसवूं देत नाहीं.

आतां आमच्या स्नेह्यांचा प्रश्न. ते म्हणाले, ‘मास्तर, सत्ता नसलेल्यानें पाडलेली वस्तु नाणें कशी?’ आम्हीं त्यांस अर्थशास्त्राची आठवण दिली. कौटिल्याच्या अध्यक्षप्रचार अधिकरणांत, बाराव्या अध्यायांत, नाणीं पाडविणारा लक्षणाध्यक्ष आणि नाणीं पारखणारा रूपदर्शक असे दोन निराळे अधिकारी सांगितले आहेत. रूपदर्शकानें नाण्यांचा प्रवाह दोन प्रकारें राखावयाचा: एक व्यावहारिक, म्हणजे बाजारांत चालणारें, दुसरें कोशप्रवेश्य, म्हणजे सरकारच्या खजिन्यांत घेण्याजोगें. शेंकडा आठ रूपिक, शेंकडा पांच व्याजी आणि शेंकडा एक अष्टमांश पारीक्षिक, असे आकारही तेथेंच दिले आहेत. नाणें पाडण्यांत राज्याचा नफा असतो हें त्या ग्रंथकारास पूर्ण ठाऊक होतें. तो नफा त्यानें लपविला नाहीं, त्याचे दर ठरविले.

या कसोटीस लंडीचा पफिन लावूं. लंडीच्या दुकानांत व खानावळींत तो चालला, तेव्हां अल्पकाळ व अल्पक्षेत्रांत कां होईना, तो व्यावहारिक होता. धन्याच्या पेटींत तो परत घेतला जात असे, तेव्हां धन्यापुरता कोशप्रवेश्यही म्हणतां येईल. इंग्लंडच्या खजिन्यांत मात्र त्यास प्रवेश नव्हता. आणि ज्या पाहुण्यानें तो खिशांतून घरीं नेला त्याच्या दृष्टीनें तो या दोहोंपैकीं एकही नव्हता. त्यासाठीं तिसरा वर्ग कल्पावा लागतो. त्यास आम्ही ‘मंजूषाप्रवेश्य’ म्हणतों. संग्राहकाच्या पेटींत जाण्यासाठींच जन्मलेलें तें मंजूषाप्रवेश्य नाणें. कौटिल्याच्या काळीं हा वर्ग नसावा, कारण चलन म्हणून न वापरतां नाणें विकत घेणारा आमच्यासारखा मनुष्य तेव्हां नसावा.

आपल्याकडील परिस्थिति याच्या नेमकी उलट आहे, म्हणून तिचा उल्लेख करतों. मराठेशाहींत सरकारच्या सनदेनें खाजगी माणसें टांकसाळी चालवीत. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९९ सालीं मराठ्यांच्या नाण्यांवर व टांकसाळींवर वाचलेल्या निबंधांत अशा सनदांची माहिती आहे. तेथें टांकसाळ खाजगी, अधिकार सरकारी; सनदेवांचून पाडणारा व कस उतरविणारा तो गुन्हेगार. पुढें इंग्रजी अमलांत १८७६ चा संस्थानी नाण्यांचा कायदा झाला, त्याअन्वयें संस्थानिकांचीं नाणीं सरकारी टांकसाळींत पडूं लागलीं. पवारांच्या धार संस्थानाचे १८८७ चे व दोन्ही देवासांचे १८८८ चे तांब्याचे पैसे पाहावे: एका बाजूस संस्थानाचें नांव, दुसऱ्या बाजूस राणी व्हिक्टोरियेचें मस्तक. धार-देवासच्या राजांस प्रजा होती, फौज होती, वंशपरंपरा होती. नाण्यावर स्वतःचें मस्तक नव्हतें. हारमन यांजपाशीं यांतील कांहींच नव्हतें, आणि मस्तक मात्र होतें. आम्हीं दोन्ही नाणीं शेजारीं ठेवून पाहिलीं आहेत. हें शेजार संग्राहकांनीं एकदां अवश्य करून पाहावें.

अशीं लहान लहान राज्यें मोठ्यांच्या भांडणांत नाण्यांचा धंदा काढतात, ही गोष्ट विसाव्या शतकाची नव्हे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील लुइजिनोचें प्रकरण त्याहून रंजक आहे. फ्रान्सचा चौदावा लुई याचें एक लहान चांदीचें नाणें होतें, एक्यूच्या बाराव्या हिश्श्याचें. तें तुर्की साम्राज्याच्या बाजारांत, विशेषतः स्मर्ना येथें, इतकें लोकप्रिय झालें कीं किंमतीहून अधिक भावानें खपूं लागलें. मोंपांस्येची सरदारीण आन-मारी-लुईझ ही दोंबची अधिपति. तिच्या त्रेव्हू येथील टांकसाळींतून पडलेल्या नाण्यावरील तिचा सुंदर मुखवटा पूर्वेकडील बायकांस विशेष आवडला, आणि नाणें भोंक पाडून दागिन्यांत ओंवूं लागले. हें पाहतांच जेनोआच्या परिसरांतील तास्सारोलो, लोआनो, तोर्रील्या, फोस्दिनोवो इत्यादि चिमुकल्या जहागिऱ्यांनीं तसाच मुखवटा, तसाच आकार, फक्त अक्षरें किंचित् निराळीं, असें लुइजिनो पाडण्याचा सपाटा लावला. चांदी दर खेपेस उतरत गेली. इराण व हिंदुस्थान हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या शार्दें यानें या व्यवहाराची हकीकत दिली आहे. अखेर तुर्की सरकारनें तीं नाणीं बंद केलीं. ज्या दिवशीं भाव कोसळला त्या दिवशीं ज्यांच्या हातांत तीं होतीं ते बुडाले, पाडणारे नव्हेत.

या जहागिऱ्यांत एक सेबोर्गा. लेरँ बेटावरील बेनेडिक्टाईन मठाच्या ताब्यांतील हें डोंगरी खेडें. मठाच्या साधूंनीं १६६६ पासून तेथें टांकसाळ मक्त्यानें चालवावयास दिली, आणि सुमारें दोन दशकें ती रडतखडत चालली. तीं नाणीं आज फार दुर्मिळ आहेत. १७२९ सालीं साधूंनीं तें गांव सॅव्हॉयच्या घराण्यास विकलें. एवढ्यावर प्रकरण मिटावयाचें. परंतु १९६३ सालीं फुलांची लागवड करणाऱ्या मंडळींच्या सहकारी संस्थेचे प्रमुख ज्योर्ज्यो कार्बोने यांनीं, त्या विक्रीची नीट नोंद झाली नाहीं असा मुद्दा उपस्थित करून, आपण सेबोर्ग्याचे अधिपति असल्याचें गांवाकडून मान्य करून घेतलें. १९९४ नंतर नवा लुइजिनो निघाला आणि त्याचा भाव सहा अमेरिकन डॉलर असा ठरविण्यांत आला. इटलीच्या सरकारनें हें राज्य मानलें नाहीं, आणि गांवचे लोक इटलीचा कर भरीत राहिले. कार्बोने २००९ सालीं वारले. जुना लुइजिनो खपला तो चांदीचा व व्यापाराचा म्हणून. नवा खपला तो जुन्याचें नांव घेऊन.

इतर दोन उदाहरणें थोडक्यांत. पश्चिम ऑस्ट्रेलियांत गव्हाच्या सरकारी कोट्यावरून भांडण होऊन लेनर्ड कॅस्ले नांवाच्या शेतकऱ्यानें २१ एप्रिल १९७० रोजीं आपली सुमारें ७५ चौरस किलोमीटर जमीन ‘हट रिव्हर’ म्हणून वेगळी जाहीर केली. १९७६ पासून तिचीं नाणीं निघालीं, डॉलर ऑस्ट्रेलियन डॉलरच्या बरोबरीचा. कॅस्ले २०१९ सालीं वारले, आणि कराचें देणें डोईजड झाल्यामुळें ऑगस्ट २०२० मध्यें तें राज्य त्यांच्या वारसांनीं मोडलें. दुसरें सीलंड: दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याबाहेर उभारलेला एक समुद्री बुरूज, १९६७ सालीं रॉय बेट्स यांनीं ताब्यांत घेतलेला, १९७२ सालीं त्याचें दहा डॉलरचें चांदीचें नाणें निघालें. या दोन्हींचीं नाणीं आरंभापासूनच मंजूषाप्रवेश्य होतीं. बुरुजावर बाजार कसला भरणार?

लंडीकडे परत येतों. हारमन यांस १९३३ सालीं कंपनीव्यवहारांतील फसवणुकीच्या आरोपावरून तुरुंगवास भोगावा लागला. बेट मात्र त्यांच्या घराण्याकडे राहिलें. त्यांचे चिरंजीव जॉन पेनिंग्टन हारमन हे रॉयल वेस्ट केंट पलटणींत लान्स-कॉर्पोरल होते. एप्रिल १९४४ मध्यें आपल्या ईशान्य सीमेवर कोहिमा येथें जपान्यांशीं लढतांना ते पडले, आणि त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर कोहिमा येथेंच आहे, स्मारक लंडीवरील खाणींत. ज्या बेटाच्या धन्यानें स्वतःस साम्राज्याच्या कायद्याबाहेर मानलें, त्याच्या मुलाचें नांव साम्राज्याच्या वीरांच्या यादींत आहे. मार्टिन हारमन १९५४ सालीं वारले. १९६९ सालीं जॅक हेवर्ड यांनीं दिलेल्या दीड लक्ष पौंडांच्या देणगीनें बेट नॅशनल ट्रस्टनें घेतलें व लँडमार्क ट्रस्टकडे व्यवस्थेस दिलें. पफिनांच्या किंमतीचीं तिकिटें पुढेंही निघत राहिलीं.

संग्राहकांस एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. १९६५ सालीं, बेट घेतल्यास चाळीस वर्षें झालीं म्हणून, पफिन व अर्धा पफिन पुन्हा पाडण्यांत आले. कांस्याचे, निकेल-पितळेचे, आणि थोडे सोन्याचेही. त्यांवर साल १९६५ आहे. हे तुकडे केवळ संग्राहकांसाठीं. दुकानांत चालले असे नव्हेत. विक्रेते दोहोंस एकाच नांवानें ‘लंडीचें नाणें’ म्हणतात, आणि सोन्याचा तुकडा पाहून घेणाऱ्याचें भान सुटतें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें ज्यावर दंड झाला तो १९२९ चा काशाचा तुकडाच मोलाचा, मग तो झिजलेला कां असेना. उलट थोडा झिजलेला असल्यास अधिक बरा, कारण झीज हा तो हातोहात फिरल्याचा पुरावा आहे. चकचकीत तुकड्यास अधिक दाम देण्याची सार्वत्रिक रीति येथें आम्हांस मान्य नाहीं.

आमच्या स्नेह्यांचा पफिन बराच झिजलेला आहे. आम्हीं त्याच्या पाकिटावर लिहिलें तें असें: ‘लंडी बेट, मार्टिन कोल्स हारमन, एक पफिन, कांसें, १९२९, बर्मिंगहॅम येथें पाडलेला, खाजगी चलन, १९३१ सालीं कोर्टाच्या निकालानें बंद.’ नाणें कीं बिल्ला, या रकान्यांत आम्हीं ‘नाणें’ असें लिहिलें. स्नेह्यांनीं तो शब्द पेन्सिलीनें खोडून ‘बिल्ला’ केला आहे. त्यांचें म्हणणें कीं इंग्लंडच्या न्यायालयाचा निकाल आमच्या मतापेक्षां वरचढ आहे. आमचें म्हणणें कीं न्यायालयानें दंड केला तो नाणें पाडल्याबद्दलच. पाकीट सध्यां आमच्या टेबलावर आहे, आणि पेन्सिलीच्या रेघेखालीं शाईचा शब्द अजून वाचतां येतो.